झाडे १२०, पण तुकडे दोनच : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकाकडे हस्तलिखित पाठवण्यापूर्वीच्या तयारीवरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर आणि स्पष्ट लिहिलेत, याबद्दल मी आभारी आहे. आपला आक्षेप थोडक्यात असा : आपल्या विद्यार्थिनीने एका वावराच्या अर्ध्या भागात तुरीचे शेंडे खुडले, अर्धा भाग तसाच ठेवला, दोन्हीकडील ६०-६० झाडांच्या शेंगा मोजल्या आणि टी-चाचणीत (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे पाहणाऱ्या सांख्यिकी चाचणीत) फरक ठळक दिसला; असे असताना ‘पुनरावृत्ती नसेल, म्हणजे तोच प्रयोग अनेक स्वतंत्र तुकड्यांवर केलेला नसेल, तर हस्तलिखित पाठवू नये’ हा माझा सल्ला तालुक्याच्या ठिकाणी तुटपुंज्या साधनांवर काम करणाऱ्यांना नाउमेद करतो, आणि खरी अडचण इंग्रजीची आहे.

इंग्रजीबद्दलचे आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. मूळ लेखात तिला दिलेला एक परिच्छेद अपुरा होता. परंतु भाषा शेवटच्या दिवसापर्यंत सुधारता येते, प्रयोगाची मांडणी मात्र पीक निघाल्यावर सुधारता येत नाही.

आपल्याकडील वावर क्वचितच एकसारखे असते. वरच्या धुऱ्याकडे बरड, मुरमाड जमीन आणि नाल्याकडे उतरत जावे तशी खोल काळी माती, हे चित्र आपण रोज पाहतो. तूर खोल मुळांची असल्यामुळे पाऊस परतल्यानंतर, फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना, ती त्या मातीतल्या ओलाव्यावरच उभी असते. खुडलेला अर्धा भाग नाल्याकडचा असेल, तर जास्त शेंगा खुडणीमुळे लागल्या की मातीच्या खोलीमुळे, हे ६० काय, ६०० झाडे मोजूनही कळणार नाही. खुडणीचा निर्णय झाडागणिक झाला नव्हता, तुकड्यागणिक झाला होता. म्हणून प्रयोगाचे एकक तुकडा आहे आणि असे तुकडे प्रत्येक बाजूला एकच आहेत. झाडे स्वतंत्र मानून केलेल्या टी-चाचणीत स्वातंत्र्यकोटी, म्हणजे फरक पारखायला हाती असलेल्या स्वतंत्र माहितीचे माप, ११८ दिसते. तुकडे मोजले तर ती शून्य होते. प्रत्येक झाडासाठी चिठ्ठी टाकून खुडणी ठरवली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती.

एकाच तुकड्यातल्या झाडांना स्वतंत्र पुनरावृत्ती मानण्याची ही चूक ग्रामीण संशोधकांची आहे असे मी कधीही मानलेले नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातील १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा सांख्यिकी चाचण्या वापरणाऱ्या अभ्यासांपैकी ४८ टक्क्यांमध्ये ती आढळली. सोयाबीनवरील माझे पहिले हस्तलिखितही याच कारणाने परत आले होते. एक पूर्ण हंगाम हातचा गेल्याचे ते दुःख मला अजून आठवते, आणि आपल्या विद्यार्थिनीच्या वाट्याला ते येऊ नये एवढ्यासाठीच मी इतक्या आग्रहाने लिहिले.

तिचे काम वाया गेलेले नाही. कार्यपद्धतीच्या भागात वावराचा उतार, मातीची खोली, वाण, पेरणीची तारीख, दोन ओळींतील अंतर आणि खुडणी पेरणीनंतर किती दिवसांनी केली हे तिने आताच, आठवण ताजी असताना, लिहून काढावे. दोन्ही भागांच्या सरासऱ्या प्राथमिक निरीक्षण म्हणून द्याव्यात, त्यांवर चाचणी लावू नये, आणि सारांशात ‘खुडणीमुळे उत्पादन वाढते’ असे वाक्य येऊ देऊ नये.

पुढच्या खरिपासाठी जास्त जमीन लागेलच असे नाही. गावातील सहा शेतकऱ्यांनी आपापल्या तुरीत शेजारी-शेजारी, एकाच खोलीच्या मातीत दोन लहान तुकडे दिले आणि कोणत्या तुकड्यात खुडायचे हे प्रत्येक वावरात नाणे उडवून ठरवले, तर प्रत्येक वावर एक खंड, म्हणजे ज्याच्या आत सारख्या परिस्थितीत तुलना होते असा गट, होतो आणि सहा खऱ्या पुनरावृत्ती मिळतात. त्यातून येणारा निष्कर्षही एकाच वावरापुरता राहत नाही. प्रत्येक तुकड्यात दहा-बारा झाडे मोजून त्यांची सरासरी घेतली तरी पुरे.

पेरणीपूर्वी तिने तुकड्यांचा हाताने काढलेला नकाशा मला पाठवला, तर मी तो आनंदाने पाहीन. इंग्रजीच्या मसुद्यावरही आपण तिघे मिळून बसू.