पोचा बुजवून दिला

आज संध्याकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय.

बाबांच्या ॲटलास सायकलचं चेनकव्हर आज रंगवून आलं. रंगवणाऱ्या मुलानं मोठ्या हौसेनं वरचा कागद सोडला आणि म्हणाला, "बघा ताई, एकदम शोरूम पीस." खरंच होतं. काळंभोर, त्यात तोंड दिसावं असं. फक्त त्यावर बाबांचं नाव नव्हतं. आणि पोचाही नव्हता. "पोचा बुजवून दिला, पुट्टीचे पैसे घेतले नाहीत," हेही त्यानं सांगितलं.

मी पैसे दिले, थँक्यू म्हणाले, घरी आले आणि ते कव्हर मांडीवर घेऊन तासभर बसले.

ज्यांच्या घरी काळी सायकल होती त्यांना चेनकव्हरवरचं नाव म्हणजे काय ते सांगायला नको. सायकल घेतली की पहिल्यांदा पेंटरकडे न्यायची. तो पांढऱ्या ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं मालकाचं नाव घालायचा, खाली गावाचं. बाबांची 1972 ची. पुढच्या नळीवर पृथ्वी खांद्यावर घेतलेल्या माणसाचा बिल्ला, मागच्या मडगार्डला पांढरा पट्टा, आणि चेनकव्हरवर आडनावासकट बाबा. त्या नावासकट ते रोज सांगलीहून मिरजेला रेल्वेत कामाला जायचे आणि यायचे. पावसातसुद्धा.

आता पोच्याचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

1984 साली मी दहा वर्षांची होते. सीटवर बसून पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून चालवायची. एक हात हँडलला, दुसरा दांडीवरून सीटला कवटाळलेला, अंग बाहेर झुकलेलं, आणि पायडल पुरतं फिरत नाही म्हणून अर्धं अर्धं मारायचं. अशा वेळी ब्रेक दाबायला हात असतोच कुठं? गावभागातल्या आमच्या गल्लीत उतारावर मी थेट शेजाऱ्यांच्या दगडी कट्ट्यावर गेले. चेनकव्हर कट्ट्याच्या कोपऱ्यावर आपटलं, खोल पोचा पडला, आणि आडनावातल्या 'ळ'चा अर्धा रंग टवका होऊन उडाला.

बाबा बाहेर आले. सायकल स्टँडला लावली, हातानं पायडल फिरवलं. आत चेन घासत होती, खर्र, खर्र. त्यांनी दोन नट सोडून कव्हर काढलं, आतून पान्यानं थोडं बाहेर दाबलं, परत बसवलं, फिरवलं. अजून घासतेय. परत काढलं. तिसऱ्या खेपेला आवाज थांबला तशी त्यांनी पाना खिशात घातला आणि म्हणाले, "जा, कट्ट्यापर्यंत जाऊन ये." पोचा निम्माअधिक तसाच होता. चेन घासायची थांबली, बाबांचं काम संपलं.

मला आज त्या मुलावर ओरडायचं होतं ते हेच. दुरुस्ती म्हणजे हे.

हल्ली जुनी सायकल 'रिस्टोअर' करून देतो म्हणणारे गल्लोगल्ली झालेत. एकाकडे मी आधी चौकशी केली होती. तो म्हणाला फ्रेम तेवढी ठेवू, बाकी सगळं नवीन घालू, वर सोनेरी पावडर कोटिंग. मग माझ्या बाबांची सायकल कुठं राहिली हो? आणि इतकं करून या सायकली जातात कुठं? कुणाच्या हॉलमध्ये, कुणाच्या हॉटेलच्या दारात, हँडलला कुंड्या अडकवून. टायरमध्ये हवासुद्धा नसते. माणसाला पोसलेल्या वस्तूची ही अवस्था मला बघवत नाही. जी चालत नाही तिला सायकल म्हणू नका.

ही सायकल मी दीड वर्ष करतेय. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा गावभागातल्या जुन्या घरात मागच्या खोलीत ती उभी होती, हँडलाच्या वरपर्यंत पाण्यात. बाबा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. पाणी ओसरल्यावर कपाटं, गाद्या, कागद यातच जीव गेला. सायकलीकडं कुणी बघितलं नाही. मीही नाही. त्याची टोचणी आहे मला. मागच्या वर्षी सीटची नळी उपसून काढली आणि फ्रेम उलटी केली, तर आतून गाळ आला. मऊ, राखाडी, चाळलेल्या पिठासारखा. वाटीभर. इतकी वर्षं नदी त्या नळीत बसून होती.

मग आमच्या इथले एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं जायला लागले. त्यांनी आधी पूर्ण ओव्हरऑइलिंग काढलं. कॉटरपिन, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) आसाला आवळून धरणारी पाचर, कशी काढायची ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. नट पुरता काढत नाहीत, पिनीच्या टोकाबरोबर आणून ठेवतात म्हणजे आटे मरत नाहीत. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू देतात, नाहीतर ठोक्याचा मार आतल्या छर्‍यांना बसतो. मग एकच घाव, मोजून. नवीन पिन कानशीनं घासत घासत बसवली, दोन्ही बाजूंच्या पिना उलटसुलट तोंडानं, म्हणजे दोन्ही पायडलं एका रेषेत. क्रोमवरचा गंज मी घरी काढला, ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासली की निघतो. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्या चाकाला 40, त्यातल्या सडलेल्या तेवढ्याच बदलल्या. ब्रेकच्या सळ्या त्याच आहेत. टायर-ट्यूब नवीन, कारण 28 इंची टायर अजूनही मिळतो, आणि टायरचा हट्ट मी धरत नाही. मिस्त्री प्रत्येक भाग हातात घेऊन विचारायचे, "हे चालतंय की ओ ताई, कशाला बदलताय?" बाबांच्या तोंडचं वाक्य वाटायचं मला ते.

आणि मी, सगळं इतकं सांभाळून, चेनकव्हर तेवढं बाहेर रंगवायला दिलं. खालच्या कडेला गंज खात होता म्हणून. "गंज काढून तेवढाच रंग मारा" असं सांगितलं होतं. नावाला हात लावू नका, असं वेगळं सांगायला हवं होतं का? ते सांगायची गोष्ट आहे का?

असेल कदाचित. त्याचं वय बावीस-तेवीस. त्याला त्यात उडालेला रंग आणि चेपलेला पत्रा दिसला. चांगलं काम करायला गेला बिचारा. पुट्टीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "रेडियममध्ये कापून घे की नाव, पन्नास रुपयांत होईल." मी फोन ठेवला. त्याच्याशी उद्या बोलेन.

एक मान्य करते, कुणी विचारायच्या आत. बाबांना ती सायकल फार आवडायची म्हणून ते मिरजेला सायकलवर जात नव्हते. मोपेड परवडत नव्हती म्हणून जात होते. वीस किलोच्या आसपासचं ते धूड, गिअर नाही, उलट्या वाऱ्यात छाती भरून यायची त्यांची. आज माझ्या मुलाची सायकल मी एका हातानं उचलते. आणि विश्रामबागच्या चौकातून आज दहा वर्षांच्या पोरीला मी काळ्या सायकलवर सोडणार नाही, हेही खरं. 2020 च्या 3 जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशीच, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तेव्हा दोन दिवस सगळ्यांनी आठवणी लिहिल्या. मीही लिहिल्या. लिहून झाल्यावर आपल्यापैकी किती जणांनी माळ्यावरची सायकल खाली काढली? मीसुद्धा त्यानंतर कित्येक वर्षांनी.

पण कष्टाची होती म्हणूनच तिच्यावरच्या खुणा पुसायच्या नसतात. दर दसऱ्याला बाबा ती धुऊन पुसून उभी करायचे, झेंडूचा हार, चाकाला हळदीकुंकू. दर वर्षी आई म्हणायची, नाव परत घालून घ्या, चांगलं दिसत नाही. बाबा दर वर्षी म्हणायचे, "वाचता येतंय की." सत्तावीस वर्षं तो अर्धा 'ळ' तसाच राहिला. माझी धडक त्यांनी नावावर वागवली, आणि एकदाही बोलून दाखवली नाही.

हे लिहितालिहिता मध्येच उठले होते. स्क्रूड्रायव्हर घेऊन पुट्टी खरवडत बसले. नवा रंग तुकड्या-तुकड्यानं निघाला, खाली पुट्टी, त्याखाली पत्रा. नाव नाही मिळालं. त्यानं आधी पॉलिशपेपर मारला असणार, काही शिल्लक नाही. पण पोचा आहे. तेवढाच खोल. मग कव्हर उलटं करून आतून बोट फिरवलं. आतही काळा रंग मारलाय, पण त्याखाली दोन खळग्या हाताला लागतात, नखाएवढ्या, शेजारी शेजारी. बाबांच्या पान्याच्या.

कव्हर आत्ताच सायकलला लावलं. दोन्ही नट आवळले, स्टँडवर पायडल फिरवलं. चेन घासत नाही.