‘मॅडम, हिट किती?’

मी कॉलेजची ग्रंथपाल. वर्ष संपत आलं की तोच फोन. ‘मॅडम, ई-रिसोर्सेसचा वापर किती? आकडा द्या.’ अहो, कसला आकडा? लॉगिन म्हणजे वाचन नव्हे! एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांसाठीचा ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांचा साठा, कसं वापरायचं हे दाखवायला मी ६० पोरं संगणकावर बसवली की ६० लॉगिन पडतात. त्यातल्या किती जणांनी एक पान तरी वाचलं, हे कुणी विचारत नाही.

आणि उलटंही होतं. गेल्या वर्षी रावेरकडचा एक पोरगा केळीवरच्या करप्याचा लेख शोधत आला. इंग्रजी जड जात होतं, तरी दोन दुपारी वही घेऊन बसला, एकेक शब्द विचारत राहिला. मग ती पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकली, सात-आठ जणांनी वाचली. घरी बांधावर बसून बापाला समजावून सांगितली. अहवालात काय? डाउनलोड १.

मोजायचे नियम आहेत की! ‘काउंटर’ नावाची जगभर चालणारी पद्धत आहे. ३० सेकंदांत त्याच लेखावर दोनदा क्लिक झालं तर एकदाच धरा, इतकं बारीक त्यात ठरलंय. शोध वेगळे, उघडलेले लेख वेगळे. आमच्याकडे मात्र सगळ्याची बेरीज एकाच रकान्यात. वर ‘मागच्यापेक्षा जास्त दाखवा’. नाही दाखवणार!

पोरांनाच विचारा ना. काय शोधलं, सापडलं का, कुठे अडलं? त्या अडलेल्यांजवळ बसायचंय मला, आणि माझा अख्खा आठवडा जातो एक्सेल भरण्यात.