तुमची लेन्स पिकलीय

परवा सकाळी सव्वासातला माझा फोटो मला परत आला. माझा म्हणजे मी काढलेला. खाली मजकूर होता: "नातवाकडून जरा साफ करून घेतला. आता छान दिसतो. काळजी नसावी."

काळजी नसावी! मी तो मेसेज तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचताना माझ्याच अंगठ्याने परस्पर दोन जोडलेले हात पाठवून दिले. त्या अंगठ्याशी मी अजून धड बोलत नाही.

आधीची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर मी सुरू झालो की लोकांना अचानक कामं आठवतात. मला जुन्या लेन्सांचा नाद आहे. कॅमेरा नवा, त्याच्या तोंडाला अडॅप्टर, आणि अडॅप्टरला आटे फिरवून बसवलेली हेलिओस 44-2. 58 मिलिमीटर, f/2 (f पुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं), सोव्हिएत बनावट, बायोटार नावाच्या जर्मन लेन्सवरून उघडउघड उतरवलेली. नंबर 77 ने सुरू होतो, म्हणजे जन्म 1977 चा. तिला ऑटोफोकस माहीत नाही. कॅमेऱ्याशी तिचं बोलणंच नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं की लेन्स लावलेलीच नाही. मेनूत सात पायऱ्या खाली उतरून 'लेन्स नसली तरी फोटो काढ बाबा' अशी परवानगी द्यावी लागते, तेव्हा तो हलतो. आतल्या एका काचेवर धुरकट थर आहे. विकणाऱ्याने तो 'किरकोळ' या एका शब्दात उरकला होता.

पण त्या थरामुळेच गंमत होते. उजेड काठावरून सांडतो, पानांच्या कडा ओल्या कागदावरच्या रंगासारख्या फुटतात. मागची झाडी गरगरते ती मात्र लेन्सच्या घडणीमुळे. कडेचे प्रकाशाचे ठिपके मांजराच्या डोळ्यांसारखे चेपतात आणि मधल्या माणसाभोवती फेर धरतात. हे सगळं मला हवं असतं. मुद्दाम. 'मुद्दाम' हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा वापरलाय की माझ्या नावापुढे तो पदवीसारखा लावायला हरकत नाही.

तर गेल्या आठवड्यात मी बागेत गवतावर पालथा पडून दवाचे फोटो काढत होतो. तेवढ्यात माझ्यावर सावली पडली.

"काही हरवलं का?"

वर बघितलं तर एक काका. डोळ्यांना काळा चष्मा, बाजूंनीसुद्धा झाकलेला.

"नाही, फोटो काढतोय."

"कशाचा?"

"गवताचा."

"गवताचा," काका म्हणाले. एखाद्याची दुःखद बातमी कळल्यावर माणूस नुसतं नाव उच्चारतो, तसं. "बघू."

मी उठून कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, आधी उजवा डोळा मिटून बघितलं, मग डावा मिटून. मग पुन्हा उजवा.

"हे असंच आलंय?"

"असंच काढलंय. मुद्दाम."

"मला डाव्या डोळ्याने अगदी असंच दिसायचं."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या फोटोत स्वतःला पाहत होतं. मी म्हटलं, "मग?"

"मग ऑपरेशन केलं."

यानंतर काका बाकावर बसले, मला शेजारी बसवलं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन थेंबाथेंबाने सांगितलं. थेंब हे शब्दशः. आधी कोणते, नंतर कोणते, दिवसातून किती वेळा, बाटलीचं झाकण कोणत्या रंगाचं. आत एवढीशी लेन्स घडी करून घालतात आणि ती आत गेल्यावर उलगडते, हे त्यांनी रुमालाची घडी घालून दाखवलं. दोनदा. मी मान हलवत होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून गवतावरचं दव वाळताना बघत होतो. मग काकांनी रुमाल खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे बघा, त्यांनी माझी जुनी लेन्स काढली आणि नवी बसवली. तुम्ही काय केलंत? चांगली नवी काढलीत आणि जुनी बसवलीत."

याला उत्तर आहे, पण ते मला त्या दिवशी रात्री अकराला सुचलं आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

"काढा बघू ती बाहेर," काका म्हणाले. मी आटे फिरवून लेन्स काढून दिली. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून आरपार बघितलं. जुनी लेन्स घेताना जाणकार नेमकं असंच तपासतात, त्यामुळे मला क्षणभर आदर वाटला.

"अरेरे. पिकलीय हो!"

"काय?"

"तुमची लेन्स. चांगलीच पिकलीय. वय काय?"

"77 चा जन्म."

"मग आता थांबण्यात अर्थ नाही," असं म्हणून काकांनी समोरच्या काचेवर 'हाऽऽ' करून वाफ सोडली आणि मघाचाच रुमाल बाहेर काढला. मी झडप घातली. कोटिंग, चरे, पोलादी बटणांचा शर्ट, असं काहीतरी मी ओरडलो असणार, कारण कुत्रा फिरवणाऱ्या बाई थबकल्या. काका शांत होते. "बरोबर आहे. मलाही सांगितलं होतं, चोळायचं नाही."

आता मी माघार घ्यायला हवी होती. पण हा विषय निघाला की मी इतिहासात शिरतो. काकांना म्हटलं, मोने माहीत आहे ना, चित्रकार? त्यालाही मोतीबिंदू होता. त्याच्या उतारवयातल्या चित्रांत रंग कसे एकमेकांत विरघळतात, बघा.

"मग पुढे काय झालं त्यांचं?"

आणि इथे मी माझ्याच खड्ड्यात पडलो, कारण मला उत्तर माहीत होतं. "1923 मध्ये ऑपरेशन करून घेतलं त्याने. बयाऐंशीव्या वर्षी."

काका काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही डोळ्यांनी, स्वच्छ.

मी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन काढली. कोलकात्यात जन्मलेली बाई, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी लेकीने कॅमेरा भेट दिला, आणि तिने असे धूसर चेहरे टिपले की ते आजही संग्रहालयांत जपून ठेवलेत. समकालीन छायाचित्रकारांनी तिला नावं ठेवली. तिने मात्र 1864 मध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेलना पत्र लिहून विचारलं की अमुकच फोकस खरा, हे ठरवण्याचा हक्क कुणाला आहे?

"त्या काळी ही ऑपरेशनं इतकी सोपी नव्हती," काका हळहळले.

पुढे मी हेही सांगून टाकलं की लोक फिल्टरच्या काचेवर मुद्दाम व्हॅसलीन फासायचे, लेन्सवर बायकांचे तलम पायमोजे ताणून बसवायचे. यावर काकांनी बाकावरचं अंतर किंचित वाढवलं.

खरं तर काका एकटे नाहीत, त्यांच्यामागे मोठी परंपरा आहे. 1932 मध्ये कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकार मंडळींनी f/64 नावाचा गट काढला. नावातच सगळं आलं: छिद्र इतकं बारीक की पायाजवळच्या खड्यापासून डोंगरापर्यंत सगळं कोरल्यासारखं स्पष्ट. चित्रासारखे फोटो काढणाऱ्या विल्यम मॉर्टेन्सनवर तर ॲडम्सचा इतका राग की त्याने त्याला चक्क ख्रिस्तद्रोही सैतान ठरवलं. फोटो धूसर काढला म्हणून सैतान! गंमत म्हणजे वेस्टन स्वतः तरुणपणी असलेच मऊ, धुक्यातले फोटो काढत असे. सिगारेट सोडलेला माणूस धुरावर सगळ्यात जास्त खोकतो, त्यातला प्रकार. मला या लोकांचे फोटो आवडतात, हे कबूल करतो. पण त्यांच्यातला एकही माणूस माझ्या लेन्सवर 'हाऽऽ' करायला आला नव्हता.

असो. निघताना काका म्हणाले, "माझा एक काढा. आता डोळे चांगले झालेत."

मी बाविसेक काढले. दीड मीटरवर f/2 ठेवलं की स्पष्ट भाग जेमतेम आठ सेंटिमीटर जाडीचा. त्यात काकांचे डोळे पकडायचे, आणि काका बोलता बोलता पुढेमागे झुलणारे. त्यातच 'फोटो' म्हटलं की त्यांचा चेहरा ओळखपत्रावर जायचा: ओठ बंद, मान ताठ, नजर शासकीय. बाविसातले एकवीस तसेच. मग अचानक त्यांचं माझ्यावरचं लक्ष उडालं. वर बघत म्हणाले, "त्या पानाच्या शिरा दिसताहेत हो मला. इथून!" आणि ओठ मिटूनच, एका बाजूने, हसले.

तो फोटो. मागून ऊन, पांढऱ्या केसांच्या कडा वितळून झाडीत मिसळलेल्या, कानाची पाळी उन्हाने लालसर पेटलेली, भोवती हिरवे-सोनेरी ठिपके फेर धरलेले. डाव्या गालावरचा तीळ तेवढा टोकदार. वर्षभरात इतका चांगला फोटो माझ्या हातून निघाला नव्हता. मी तो घरी येऊन चार वेळा बघितला, बायकोला दाखवला ("हलला का?"), आणि काकांना पाठवला.

तोच परवा साफ होऊन आला.

आता तो कसा दिसतो, सांगतो. काकांचा प्रत्येक केस वेगळा आहे, तारेसारखा. कातडीला छिद्रं आली आहेत, पण ती काकांची नाहीत. कुठल्याशा तिशीतल्या माणसाची आणून बसवली आहेत. तीळ गेला, त्या ॲपला तो कचरा वाटला असणार. काका फोटोत ओठ मिटून हसतात कारण समोरचा एक दात नाही. ॲपने ओठ उघडले आणि आत पूर्ण पंगत बसवली, पांढरीशुभ्र, पियानोसारखी. आणि मागच्या झाडीतल्या एका गोल प्रकाशठिपक्याला चेहरा समजून त्याला दोन डोळे आणि जरासं नाक दिलं. त्यामुळे काकांच्या उजव्या खांद्यामागे आता एक गृहस्थ उभे आहेत.

मी न राहवून फोन केला. म्हटलं, "काका, मागे ते कोण उभे आहेत?"

"तेच मी नातवाला विचारत होतो. ओळखीचे वाटत नाहीत. पण स्पष्ट आलेत."

इथे माझी करमणूक संपली, खरं सांगतो. मी त्या उन्हासाठी चाळीस मिनिटं थांबलो होतो. फोकसची रिंग केसभर मागे, केसभर पुढे करत माझा अंगठा (तोच तो) आखडला होता. माझ्या फोटोत काका होते, त्यांचा तीळ होता, त्यांचा नसलेला दात होता. यांच्या फोटोत एक परका माणूस जास्त आहे, आणि तरी खराब फोटो माझा! बरं, हेच लोक मोबाइलमध्ये पोर्ट्रेट मोड लावून मागचं सगळं धूसर करतात. त्यात अर्धा कान धूसर झाला, चष्म्याची एक काडी हवेत विरली, तरी कुणी काही बोलत नाही. तोंडावरच्या सुरकुत्या पुसून गुळगुळीत करतात, ते चालतं. मशीनने केलेलं धूसर ते कौशल्य, आणि मी हाताने केलं तर "हलला का?"

काकांच्या घरच्या ग्रुपवर तो साफ फोटो गाजला, असं त्यांनीच कळवलं. कुणीतरी विचारलं, कुठल्या कॅमेऱ्यातून काढला? नातवाने ॲपचं नाव सांगितलं.

आज सकाळी बागेत जाणार नव्हतो. पण ऊन फारच चांगलं पडलं होतं, तेव्हा गेलो आणि मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात, झुडपाआड पालथा पडलो. दहा मिनिटांत दोन सावल्या पडल्या.

"हे ते," काका कुणाला तरी सांगत होते. "जुन्या लेन्सवाले." बरोबर त्यांचे एक मित्र होते, वयाने थोडे मोठे, जमिनीचा अंदाज घेत पाय टाकणारे. "यांना दाखवा तुमचे फोटो. मुळातले, साफ न केलेले."

मी कॅमेरा पुढे केला, आता काय काय ऐकावं लागणार याची तयारी ठेवून. मित्रांनी तो दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला. एकेक फोटो सावकाश बघितला. झाडाचा बुंधा, दव, आणि काका. काकांच्या फोटोवर बराच वेळ थांबले. एकदा फोटोकडे, एकदा शेजारच्या काकांकडे, पुन्हा फोटोकडे.

"हा खरा आलाय," ते म्हणाले. "अगदी असाच दिसतो हा. केसांभोवती उजेड वगैरे. घरी लावण्यासारखा आहे. मला एक मोठा करून द्याल?"

माझ्या घशात काहीतरी अडकलं. "देतो ना! कधीपर्यंत हवाय?"

"बुधवारपर्यंत दिलात तर बरं," काका मध्येच म्हणाले. "गुरुवारी यांचं ऑपरेशन आहे."