भिंतीकडचा सांधा

काल रात्री माझ्या मॉडेल रेल्वेत पुन्हा तोच सांधा, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा. भिंतीकडचा, कोपऱ्यातला, स्टेशनच्या इमारतीमागचा. बटण दाबलं, मोटरची कॉइल खट्ट वाजली आणि पाती, म्हणजे सांध्याचे सरकणारे रूळ, जरा अलीकडेच थांबली. फट किती, तर अर्धा मिलिमीटर. एवढी फट चटकन दिसतही नाही, पण इंजिनच्या पहिल्याच चाकाने ती बरोबर हुडकली. पुढची चाकं एका लाइनला, मागची दुसरीला. शॉर्ट. सगळं यार्ड ठप्प.

आता तिथे हात घालायचा कुठून? रूळ मांडलेला बोर्ड पाऊण मीटर रुंद. वरून हात टाकला तर बाही सिग्नलला अडकते. काल अडकलीच, होम सिग्नलची भुजा मोडली. पितळी पट्टीची, स्वतः कानशीने घासून केलेली भुजा! खालून जावं तर बोर्ड बैठ्या कपाटांवर टेकवलेला, मधे जेमतेम चार बोटं जागा. दोन खोल्यांच्या घरात आणखी कुठे ठेवणार? एका हाताने दाढीचा आरसा आत सरकवायचा, दुसऱ्याने चिमटा, आणि आरशात डावं-उजवं उलटं दिसत असताना मोटरची पिन टायबारच्या, म्हणजे दोन्ही पाती जोडणाऱ्या पट्टीच्या, भोकात बसवायची. मान आखडली, कोपर सोलला, पिन मात्र बसली नाही.

दुकानदाराचं म्हणणं, ‘स्लो मोशन मोटर लावा.’ अहो, ती तीन इंचांहून उंच आहे! मग म्हणे वरून लावायची घ्या. यार्डात दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर ५० मिलिमीटर, त्यात दोन्हीकडून डबे जाणार. मोटर काय डब्याच्या पोटात ठेवू? मग म्हणे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट बसवा, झटका जोरात बसेल. ते पहिल्यापासून आहे हो! कॉइलमध्ये जोर आहे. पिन केसभर तिरकी आहे आणि ती सरळ करायला बोटं पोचत नाहीत, हे दुखणं आहे. ऐकूनच घेत नाहीत.

आणि ते गॅरेजमध्ये रेल्वे मांडणारे! मोठ्या बंगल्यात राहायचं, बोर्डाच्या चारही बाजूंनी फिरायला वाट ठेवायची आणि आम्हाला सांगायचं, ‘कोपऱ्यात सांधा टाकूच नये.’ मग बाजूचा लूपचा रूळ कुठे काढू, गॅलरीत?

सर्वो मोटर लहान असते, मान्य. आडवी ठेवली तर १२ मिलिमीटरच्या आसपास जागेत मावते, स्वस्तही आहे. पण पॉवर चालू केली की ती एकदा दचकते आणि पातं उचकटतं. वर तिच्यासाठी कंट्रोलर घ्या, प्रोग्रॅम लिहा. मला रेल्वे चालवायची आहे!

खऱ्या रेल्वेत केबिनच्या लीव्हरपासून दूरच्या सांध्यापर्यंत लोखंडी रॉड जायचे. वळणावर क्रँक, उन्हात रॉड लांबला तर तो फरक खाऊन टाकायला मधे कॉम्पेन्सेटर. सांधेवाल्याला दर वेळी रुळावर उतरावं लागू नये, याचा विचार त्या लोकांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केला. आणि १:८७ च्या मॉडेलचे सांधे बनवणाऱ्यांना टायबारला बाजूने रॉड जोडायला एक धड भोक देता येत नाही? सगळी रचना खाली हातभर मोकळी जागा आहे असं धरून. मोटर बिघडली की वरून स्क्रू काढून बाहेर घेता यावी, एवढंही कुणाला सुचलं नाही. कस्टम ड्यूटी भरून मागवतो आपण हे!

आता ती मोटर काढणार. कडक पोलादी तार पितळी नळीतून थेट बोर्डाच्या पुढच्या कडेपर्यंत आणणार. मधे वळण ठेवायचं नाही, कारण पात्याला हलायला दोन-तीन मिलिमीटरच लागतात आणि एक वळण तेवढं सहज गिळतं. सरळ रेषेत स्टेशनचा फलाट येतोय. फलाट उचकटणार. चिकटवलेली खडी खरवडणार. पण त्या आरशात पुन्हा तोंड घालणार नाही.