गाडी उचलून नेली तर गप्प कसं बसावं

कॅलिफोर्नियात भाड्याने राहताय, सकाळी खाली आलात आणि गाडीच्या जागी फक्त ऑइलचा डाग दिसला? घाबरू नका. मागच्या आठवड्यात माझं हेच झालं, तेही माझ्याच नंबरच्या जागेवरून, जिचे पैसे मी भाड्यासोबत भरतो. काचेवरच्या पार्किंग परमिटचा गोंद सुटून ते सीटखाली पडलं, एवढाच गुन्हा. तर अनुभवी माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो.

बोर्ड शोधत फिरू नका. बोर्डाच्या जोरावर गाडी उचलायची तर इथल्या वाहन कायद्याच्या, म्हणजे व्हेइकल कोडच्या, कलम २२६५८ प्रमाणे प्रत्येक एंट्रन्सला किमान १७ बाय २२ इंचाचा बोर्ड लागतो, त्यावर पोलिसांचा नंबर आणि टोइंगवाल्याचं नाव. आमच्याकडचा बोर्ड बोगनवेलीत आहे. मस्त बहरलीय.

रात्री ट्रकचा आवाज आला तर कूस बदला. गाडी रस्त्यावर निघायच्या आत तुम्ही पोचलात तर ती सोडावीच लागते, फार तर अर्धा चार्ज. कशाला कोणाच्या पोटावर पाय आणायचा!

"ओन्ली कॅश" म्हणाले की एटीएम गाठा. कार्ड घेणं त्यांना बंधनकारक आहे वगैरे बोलणं बरं दिसत नाही.

आणि सहीचा विषय तर अजिबात काढू नका. म्हणजे कायदा असं म्हणतो की जागेचा मालक किंवा त्याचा माणूस तिथे स्वतः हजर पाहिजे, त्याने चूक बघून लेखी परवानगी द्यायची, आगीच्या बंबासाठी राखलेल्या फायर लेनमध्ये किंवा हायड्रंटसमोर गाडी असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्या परवानगीची कॉपी आपल्याला मिळाली पाहिजे. मी मागितली. वेळ रात्री २:४०, खाली मॅनेजरबाईंची सही. ज्या बाई सिंकखाली पाणी गळतंय म्हणून केलेला फोन तीन आठवडे उचलत नाहीत, ज्यांचं ऑफिस सहाच्या ठोक्याला बंद होतं, त्या म्हणे पावणेतीनला थंडीत माझी काच तपासायला उभ्या होत्या! आणि सही निळ्या पेनाची, गाडीचा नंबर काळ्या पेनाचा, अक्षर वेगळं, म्हणजे कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा सह्या करून ट्रकवाल्याला देऊन ठेवलाय हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आणि बिल किती, तर ४२० डॉलर. आकडा तरी दुसरा शोधायचा!

बाई म्हणाल्या, "टोइंग कंपनीशी बोला." कंपनी म्हणाली, "लीजिंग ऑफिसशी बोला." बसा टोलवत.

आता खरं सांगू? राग त्यांचा नाही आलेला. ते चोर आहेत, चोऱ्या करणारच. आमच्या बिल्डिंगमध्ये या वर्षी निदान सहा जणांच्या गाड्या गेल्या आणि सगळ्यांनी "जाऊ दे ना, कुठे भांडत बसायचं, लीज रिन्यू करायचंय" म्हणत पैसे भरले. एकानेही कागद मागितला नाही. बोर्ड नसेल, किंवा विचारूनही कारण सांगितलं नाही, तर जागेच्या मालकाकडून दुप्पट पैसे मागता येतात, स्मॉल क्लेम्स कोर्टात वकील लागतही नाही. सहा जण सुशिक्षित! दहा डॉलरच्या कूपनसाठी कस्टमर केअरला तासभर धरून ठेवणारी माणसं! आणि आता मलाच मेसेज करतायत, "तुझं काय झालं ते कळव, मग आम्ही बघू."

नाही कळवणार. आधी स्वतःच्या पावत्या शोधा.