‘शून्य पेशी’ या अहवालाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

चुंबकीय नॅनोकण वापरून रक्तातील कर्कपेशी वेगळ्या करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. रक्तात मुळातच लोह असताना चुंबक नेमक्या कर्कपेशीच कशा ओढणार, हा पहिला; आणि आपल्या मावशींच्या तपासणीत एकही पेशी सापडली नाही, पण पुढच्याच महिन्यात स्कॅनमध्ये यकृतात गाठी दिसल्या, तेव्हा ही चाचणी थोतांडच नव्हे काय, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. हिमोग्लोबिनमधील लोह लोखंडाच्या किसासारखे वागत नाही. प्राणवायू धरलेल्या हिमोग्लोबिनला तर चुंबक किंचित दूरच लोटतो. नॅनोकणांचा गाभा मात्र लोहाच्या ऑक्साइडचा असतो. नळी चुंबकाला टेकवून ठेवली की त्या बाजूला आतून तपकिरी रेघ धरते, आणि चुंबक काढून नळी हलवली की ती पुन्हा द्रवात विरते.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, आणि चूक माझी आहे. ‘रक्तातील कर्कपेशी वेचून काढल्या जातात’ असे मी सरसकट लिहिले. चुंबकाला कर्कपेशी ओळखता येत नाही. ओळखते ते कणांवर बसवलेले प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००४ मध्ये मान्यता दिलेल्या सेलसर्च या चाचणीत ते एपकॅम नावाच्या प्रथिनाला चिकटते. स्तन, आतडे, प्रोस्टेट यांच्या कर्कपेशींवर हे प्रथिन सहसा असते आणि रक्तपेशींवर नसते, म्हणून युक्ती साधते. पण गाठीतून सुटताना काही पेशी रूप पालटतात आणि नेमके हेच प्रथिन कमी करतात. पेशीपुढे कण म्हणजे भोपळ्यापुढे मोहरी. पेशी ओढली जायची तर तिच्यावर असे पुष्कळ कण बसावे लागतात, आणि ज्यांच्यावर ते बसत नाहीत त्या पेशी चुंबकासमोरून निसटून जातात.

शिवाय नमुना असतो अवघा ७.५ मिलिलिटरचा. त्यात सुमारे साडेतीन हजार कोटी तांबड्या पेशी आणि काही कोटी पांढऱ्या पेशी असतात. कर्कपेशी बोटांवर मोजण्याइतक्या. एवढ्या रक्तामागे सरासरी एक कर्कपेशी आहे आणि पद्धत अगदी निर्दोष आहे असे धरले, तरी शंभर नळ्यांपैकी सुमारे ३७ नळ्यांत केवळ योगायोगाने एकही पेशी येणार नाही. म्हणून ‘शून्य’ म्हणजे ‘या नळीत, या प्रतिपिंडाला सापडल्या नाहीत’, एवढेच.

थोतांड हा शब्द मात्र मला मान्य नाही. रोग पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १७७ रुग्णांवरील अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांपूर्वी पाच किंवा अधिक पेशी आढळलेल्यांमध्ये रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) २.७ महिने होता, इतरांमध्ये ७. म्हणजे आकडा काहीतरी खरे सांगतो. पण तो निदान झालेल्या रुग्णाच्या पुढील वाटचालीविषयी सांगतो, रोग आहे की नाही याविषयी नव्हे. आणि हे कळूनही रुग्णाचा फायदा होतोच असे नाही : पहिल्या केमोनंतर आकडा उतरला नाही म्हणून लगेच औषध बदलून पाहिले, तरी आयुष्य वाढले नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले. हा निष्कर्ष लेखात यायलाच हवा होता; तो न आल्यामुळे आपल्याला लेख जाहिरातीसारखा वाटला असेल, तर त्यात आपला दोष नाही.

मावशींच्या पुढच्या उपचारांचा निर्णय त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी स्कॅन आणि बायोप्सी पाहूनच घ्यावा. शून्याचा तो कागद फाईलमध्ये राहू द्यावा, पण त्याच्या भरवशावर एकही तपासणी पुढे ढकलू नये. लेखातील ते वाक्य आज बदलले आहे : ‘पुरेसे एपकॅम असलेल्या कर्कपेशींपैकी काही वेगळ्या करता येतात.’