स्मार्ट मीटरला फॉइल गुंडाळण्याआधी टर्मिनल तपासून घ्या

रीडिंग आपोआप रेडिओ लहरींनी पाठवणारं स्मार्ट मीटर बसल्यापासून त्या लहरींनी डोकं जड होतं, झोप लागत नाही, म्हणून मीटरला फॉइल गुंडाळतोय, असं कुणी म्हणालं तर कृपा करून त्याला वेड्यात काढू नका. त्रास खरा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच लक्षणं खरी असल्याचं मान्य केलंय, मात्र त्यांचा लहरींशी संबंध दाखवणारा आधार नाही, असंही म्हटलंय. स्वतःला संवेदनशील मानणाऱ्या 1175 जणांवरचे 46 प्रयोग 2010 मध्ये एकत्र तपासले गेले. लहरी चालू की बंद हे सांगितलं नव्हतं, आणि भरवशाने ते ओळखता आलं नाही. त्रास मात्र लहरी बंद असतानाही झाला.

मीटरमधला 4जी मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून रीडिंग पाठवणारा भाग, जास्तीत जास्त 200 मिलिवॅट सोडतो, खिशातल्या फोनइतकाच. एक मीटर अंतरावर ते चौरस मीटरला साधारण 16 मिलिवॅट भरतं. 900 मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय मर्यादा 4500 मिलिवॅट आहे. तीन मीटर अंतरावर त्या 16 चाही नववा भाग उरतो, आणि मीटर सतत बोलत नाही.

खात्री करायची तर घरच्याला सांगा: नाणं उडवून फोन कधी फ्लाइट मोडवर, कधी डाउनलोड चालू ठेवून, आवाज-व्हायब्रेशन बंद करून पिशवीत ठेवायचा. दहा फेऱ्या, प्रत्येक वेळी अंदाज लिहायचा, उत्तरं शेवटी उघडायची. पाचाच्या आसपास बरोबर आले तर तो निव्वळ अंदाज.

फॉइलने सिग्नल अडतो, मोडेम पूर्ण ताकदीने पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, रीडिंग पोचत नाही आणि सरासरी बिल येतं. वर छेडछाडीचा संशय. टर्मिनलला, म्हणजे वायर स्क्रूने आवळतात त्या जागेला, फॉइल टेकलं तर शॉर्ट होईल. लहरी शोषणाऱ्या स्टिकरवरही पैसे घालवू नका.

खरी भीती वेगळीच आहे. घाईत मीटर बदलताना जुन्या अ‍ॅल्युमिनियम वायरवर स्क्रू नीट आवळला जात नाही. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, पकड सैल होते, सांधा तापतो. मग दिवे लुकलुकतात, गुणगुण ऐकू येते, आणि अशा उजेडात बसून डोकं दुखणारच. रात्री गिझर लावून बाकीचे दिवे बघा. थोडे मंद झाले तर लाइनवरचा भार. थ्री फेजमध्ये एखाद्या खोलीतले उलट प्रखर झाले तर न्यूट्रल (परतीची वायर) लूज आहे असं धरा: तिथे व्होल्टेज 300 च्या वर जाऊ शकतं, फ्रिज-टीव्ही जळतात. ताबडतोब मेन स्विच बंद करा. पेटीवर तपकिरी डाग किंवा जळका वास असेल तर थांबूच नका. सील तोडू नका. महावितरणच्या 1912 या फोन नंबरवर तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. मीटरनंतरची वायरिंग परवानाधारक वायरमनकडून आवळून घ्या.

प्रीपेडच्या सक्तीवर, वाढीव बिलावर जरूर भांडा. वीज कायद्याचं कलम 47(5) प्रीपेडला तयार असलेल्या ग्राहकाबद्दल बोलतं, हा मुद्दा दमदार आहे. त्याच अर्जात किरणांचा मुद्दा घातलात तर सुनावणीत आधी तोच खोडला जातो आणि रास्त तक्रारही हलकी पडते. बिलाचा संशय असेल तर मीटरवरचा आकडा बघा. युनिटला 3200 इम्पल्स, म्हणजे दिव्याच्या 3200 लुकलुकी, असं असेल तर बाकी सगळं बंद ठेवून 1500 वॅटचा हीटर लावा, लाल दिवा मिनिटाला सुमारे 80 वेळा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेज कमी असेल तर थोडा कमी. बराच जास्त भरला तर व्हिडिओ काढा आणि मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या.